तिसऱ्या व्हायलवरचं अक्षर

बाय, काल दुपारी तुला विमानात चढवलं आणि घरी येऊन मी चपला न काढता सोफ्यावर झोपून गेले. रडू आलं नाही. रविवारी सकाळी तुझ्या फ्लॅटमधल्या नर्सचा फोन आला, तू बाथरूममध्ये पडलीस, हृदय बंद पडलं म्हणून. तेव्हापासून मी नुसती रांगेत उभी होते. पोलिसांचा कागद, हॉस्पिटलचा कागद, वकिलातीचा कागद. इथे गल्फमध्ये मेलेल्या माणसाचा व्हिसाही आधी कॅन्सल करावा लागतो, त्याशिवाय त्याला घरी जाता येत नाही. फॉर्म भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमधल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "पार्टी किधर है? साइन चाहिए." मी म्हटलं, "पार्टी मर गयी." तो थांबला, "माफ करना सिस्टर" म्हणाला आणि मला खुर्ची दिली. तू असतीस तर हसली असतीस. म्हणाली असतीस, बघ, मेल्यावर का होईना, खुर्ची मिळाली.

आज शुक्रवार. नवरा आणि सई पार्कात गेलेत. निघताना सईने विचारलं, "इज अर्सुला आँटी होम नाऊ?" मी म्हटलं, हो, वसईला पोचली. "देन व्हाय आर यू स्टिल टायर्ड?" मी तिच्या बुटांची लेस बांधून दिली. ते गेल्यावर तुला लिहायला बसले आहे. तुझ्या भावाने सकाळी फोन केला होता, चार वाजता चर्चमध्ये मिस्सा आहे.

सत्त्याण्णव साली मी मिरजेहून थेट आपल्या लॅबमध्ये आले. पहिल्या दिवशी तुला "गुड मॉर्निंग मॅडम" म्हटलं तर तू म्हणालीस, "मॅडम समोरच्या केबिनमध्ये बसतात. मला बाय म्हण, आणि ते हात आधी धू." अख्ख्या हॉस्पिटलमध्ये मराठी बोलणाऱ्या आपण दोघीच. तुझं मराठी माझ्याहून वेगळं होतं, वसईच्या चर्चच्या अंगणातलं. रागावलीस की आणखी वेगळं व्हायचं. रक्ताचं काम तूच मला शिकवलंस. ताप आलेल्या माणसाचं रक्त बाटलीत भरायचं, बाटली मशीनमध्ये उबवायची, आणि मशीनने बीप केलं की समजायचं, आत काहीतरी जिवंत आहे. मग त्या जंतूला प्लेटवर वाढवून त्याचं नाव शोधायचं. तू प्लेटचं झाकण किंचित उचलून वास घ्यायचीस. "हा बघ, द्राक्षांचा वास. ओळखला की नाही?" असं करायला सक्त मनाई होती. तसा बोर्ड होता भिंतीवर, तुझ्याच अक्षरातला.

तुझा एक नियम मला तेव्हा फार जाचक वाटायचा. रक्तातून जे उगवेल ते, कचरा वाटला तरी, छोट्या व्हायलमध्ये घालून फ्रीजरमध्ये ठेवायचं. "आज तुला ओळखता येत नाही म्हणून तो कचरा होत नाही," तू म्हणायचीस. थंडीने बोटं बधिर व्हायची. मी मनातल्या मनात तुला नावं ठेवायचे आणि व्हायलवर नंबर लिहायचे.

आता त्या जूनचं सांगते. तुला सगळं ठाऊक होतं, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलं नाहीस.

तीन वर्षांपूर्वीचा जून. तू रजेवर वसईला. इथे बाहेर उभं राहवत नव्हतं. सोनापूरच्या कॅम्पातून रोज बसा भरून कामगार इमर्जन्सीत यायचे, ऊन लागलेले. सलाईन लावायचं, दोन तास झोपवायचं, परत पाठवायचं. त्यातलाच एक यादगिरी. शटरिंगचा सुतार, तेलंगणातला, तिशीतला. सलाईन घेऊन गेला आणि तीन दिवसांनी थंडी वाजून ताप भरला म्हणून परत आला. त्याच्या रक्ताच्या दोन बाटल्या आल्या. चौथ्या दिवशी त्यातल्या एकीत बीप झालं. प्लेटवर टाचणीच्या टोकाएवढ्या फिकट कॉलनी, जंतूंचे ठिपके. ओळखणाऱ्या मशीनने नाव दिलं नाही, 'जुळत नाही' असं छापलं. दोघींचं काम मी एकटी करत होते, सलग तेराव्या दिवशी. एकाच बाटलीत, तेही इतक्या उशिरा, म्हणजे रक्त काढताना बाहेरून गेलं असणार. मी रिपोर्टवर लिहिलं, कंटॅमिनेशन. तू नसताना आम्ही तुझाच रबर स्टॅम्प वापरायचो, तो उमटवला.

यादगिरी स्वतः खिडकीवर आला होता, बाय. हे तुलासुद्धा माहीत नसेल. डोक्याला पंचा बांधलेला, ओठ सुकलेले. म्हणाला, "मॅडम, खून में क्या निकला?" मी म्हटलं, "कुछ नहीं. बाहर का कचरा था, बॉटल में चला गया." त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अच्छा हुआ मॅडम, शनिवार से ड्यूटी है." सलाम करून गेला. नऊ दिवसांनी त्याला स्ट्रेचरवरून आणलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. दाखल्यावर लिहिलं, हृदयक्रिया बंद पडल्यामुळे. कॅम्पातल्या सगळ्यांच्याच दाखल्यावर तेच लिहितात.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तू परत आलीस, वसईची वाळवलेली सुकेळी पिशवीभर घेऊन. त्याच आठवड्यात आणखी दोघांच्या रक्तात तसल्याच फिकट कॉलनी उगवल्या. एक गरोदर बाई, उलट्यांसाठी सलाईन घेतलेली. एक शिपिंग कंपनीतला क्लार्क. मशीनने दोघांना दोन वेगळी नावं दिली, दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह. तू दोन्ही प्लेटा खिडकीत धरून बघत बसलीस आणि म्हणालीस, "मशीनला ओळखीचीच माणसं ओळखता येतात. हे दोन नाहीत गो, हा एकच आहे." मग माझ्याकडे वळून विचारलंस, "मी नसताना असं काही आलेलं?"

माझ्या तोंडात तू दिलेलं सुकेळं होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, "नाही."

त्यानंतर तू जे केलंस ते करायला माझ्यात तेव्हाही बळ नव्हतं आणि आताही नाही. तू इमर्जन्सीत जाऊन दोन तास एका स्टुलावर बसलीस आणि नर्सेसचे हात बघत राहिलीस. सुई बसवली की नळी मोकळी ठेवायला थोडं सलाईन सिरिंजने आत ढकलतात. त्या सिरिंजा सकाळी उघडलेल्या एकाच मोठ्या बाटलीतून दिवसभर भरल्या जात होत्या. बाटलीच्या बुचात सुई तशीच खोचून ठेवलेली. ती बाटली तू जेवणाच्या पिशवीत घालून वर आणलीस. तीन दिवसांनी त्या सलाईनमधूनही तसल्याच कॉलनी आल्या. अशा जंतूंना जगायला काही लागत नाही, बाय, तूच सांगितलंस. नुसत्या पाण्यातसुद्धा ते वाढतात. त्या गरोदर बाईला आणि क्लार्कला तू वॉर्डात फोन करकरून योग्य औषध सुरू करायला लावलंस. दोघं चालत घरी गेली.

पण 'हा एकच आहे' हे सिद्ध कसं करणार? डोळ्याला सारखं दिसणं हा काही पुरावा नाही. इंग्लंडमधल्या एका युनिव्हर्सिटीत तुझ्या ओळखीच्या एक बाई होत्या, जंतूंचा जीनोम वाचणाऱ्या. जंतूच्या आत त्याला घडवणारा जो अख्खा मजकूर असतो तो जीनोम, फक्त चार अक्षरांत लिहिलेला. तू कोरड्या बर्फात व्हायल पॅक करून त्यांना पाठवल्यास. मला वाटलं तीन पाठवल्यास, दोन पेशंट आणि बाटली.

फॅक्स आला तेव्हा मीच मशीनपाशी होते. ए, सी, जी, टी, पानंच्या पानं. त्यांनी एक जीन, त्या मजकुरातला एक तुकडा, वाचला होता, सुमारे दीड हजार अक्षरांचा. आणि रकाने चार होते. तिसऱ्या रकान्यावर जूनचा नंबर होता, यादगिरीचा. शेवटच्या पानावर त्यांनी व्हायलच्या लेबलांची झेरॉक्स जोडली होती. तिसऱ्या व्हायलवर माझं अक्षर. पाय मोडलेला नऊ, मी काढते तसा.

तू माझ्या हातून कागद घेतलेस आणि पट्टी ठेवून एकेक ओळ जुळवायला बसलीस, कॉम्प्युटरने आधीच जुळवलेली असतानाही. तास गेला. मग म्हणालीस, "चारही एकच." आणि चहा घ्यायला उठलीस. मला काही विचारलं नाहीस. फ्रीजर उघडून ती व्हायल तूच काढली असणार, जूनचं रजिस्टरही बघितलं असणार. तरी विचारलं नाहीस. मी वाट बघत होते, तू विचारशील तर सांगेन. तू बहुतेक वाट बघत होतीस, मी सांगेन म्हणून.

डायरेक्टर साहेबांनी कागद चाळले आणि म्हणाले, एक जीन जुळला म्हणजे जात एक, इतकंच. शहरात या जातीचे जंतू हजार नळांत असतील. ते चुकीचं बोलत नव्हते, त्याचाच तुला राग आला. तू त्या बाईंना पुन्हा लिहिलंस, जीनोममधल्या आणखी सात जागा वाचून द्या. दोन महिने गेले. तोवर इमर्जन्सीत मोठ्या बाटल्या बंद होऊन एकेका वापराच्या छोट्या कुप्या आल्या होत्या, कुणी काही न बोलता. सातही जागा अक्षर न अक्षर जुळल्या.

त्या दिवशी केबिनमध्ये दोन खुर्च्यांवर आपण दोघी होतो. साहेबांनी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "ये जून वाला कंटॅमिनेशन किसने रिपोर्ट किया?"

मी त्यांच्या मागचं कॅलेंडर बघत होते. डोळ्यांपुढे सई होती, नवीन शाळा, नवऱ्याची नुकतीच गेलेली नोकरी, माझ्या व्हिसावर असलेलं अख्खं घर. तीन-चार सेकंद गेले असतील.

"स्टॅम्प मेरा है, सर," तू म्हणालीस.

तू त्या दिवशी वसईत होतीस हे रजेच्या अर्जावर लिहिलेलं होतं. साहेबांना हवं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. त्यांना नको होतं. त्यांनी एक फॉर्म भरला, 'सुपरव्हायझरची चूक' असं लिहिलं, तू सही केलीस, प्रकरण खलास.

त्या संध्याकाळी बस स्टॉपवर आपलं भांडण झालं. तू आरोग्य खात्याला पत्र लिहायचं म्हणत होतीस. मी म्हटलं, "बाय, आता बंद झालंय ना सगळं? कुणाला काय मिळणार आहे? व्हिसा जाईल तुझा." तू म्हणालीस, "यादगिरीच्या घरी कुणी सांगितलं, तो कशाने गेला ते?" मी म्हटलं, "सांगून तो परत येणारे का?" तुझी बस आली, तू चढलीस. ते भांडण तिथेच राहिलं. तू पत्र लिहिलंस. एक इन्स्पेक्टर आले, छोट्या कुप्या बघितल्या, चहा प्यायले आणि गेले. पुढच्या महिन्यात तुला लघवीच्या तपासणीच्या टेबलावर बसवलं आणि माझ्या नावाचा नवीन स्टॅम्प करून आला.

तीन वर्षं, बाय. चार पावलांवर तू बसायचीस. एकवीस वर्षं रक्ताचं काम केलेली बाई रोज सकाळी दोनशे डब्यांची झाकणं उघडायची. आणि अडलं की मी तुलाच हाक मारायचे, "बाय, जरा ही प्लेट बघतेस?" तू हातमोजे बदलून यायचीस. मला वाटायचं तू मला एकदा तरी टोचून बोलावंस. तू विचारायचीस, सईचा खोकला बरा आहे का.

चीड यायची मला तुझी, हे आज लिहून टाकते. कुणी सांगितलं होतं तुला माझं ओझं उचलायला? मला विचारलंस का? तू मला वाचवलंस म्हणून मी रोज थोडी थोडी कमी होत गेले. आणि त्याच पगारावर सईची शाळा झाली, तेही खरं. कृतज्ञता आणि राग एकाच प्लेटवर उगवले तर कोणता आधी उचलायचा, हे मात्र तू शिकवलं नव्हतंस.

गेल्या महिन्यात इंग्लंडहून ईमेल आली. यादगिरीच्या रक्तातला जंतू इतका दुर्मीळ निघाला की त्यांनी त्याचा अख्खा जीनोम वाचायला घेतला होता, आणि तो पूर्ण झाला. पन्नास-एक लाख अक्षरं. तू पहिलं पान छापून घेतलंस आणि मला हाक मारलीस, "शुभा, ये गो, बघ." मी म्हटलं, "आले." आले नाही. चहाच्या वेळी तूच माझ्याजवळ येऊन बसलीस. म्हणालीस, "त्याच्या जंतूबद्दल पन्नास लाख अक्षरं लिहून झाली. त्याच्याबद्दल दाखल्यावर एक ओळ, तीही खोटी. त्याच्या बायकोला कुणीतरी कळवायला हवं."

"आता काय उपयोग, बाय?"

"सगळं उपयोगासाठीच सांगतात का?" तू माझ्याकडे बघत राहिलीस. रागाने नाही. दमलेली दिसत होतीस, डोळ्यांखाली सूज होती; मी लॅबमध्ये काम करणारी बाई, मला तेव्हा तुझं हृदय आठवायला हवं होतं. मला माझंच सुचत होतं. मी तोंड उघडलं. मशीनने बीप केलं, आणि मी उठून गेले. बाटली पाच मिनिटं थांबली असती.

बुधवारी कँटीनमध्ये तुझ्यासाठी सगळे जमले. साहेब चांगलं बोलले. म्हणाले, मिस अर्सुला आमच्या सर्वोत्तम टेक्नॉलॉजिस्ट होत्या. एखादी चूक तर मोठ्यातल्या मोठ्याच्याही हातून होते. लोकांनी माना हलवल्या. हे असं होणार आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तू गेलीस आणि माझी चूक तुझ्याबरोबर चालली होती, तुझ्या नावाला चिकटून.

वर लॅबमध्ये आलो. बिंदू, वर्षभरापूर्वी केरळहून आलेली आपली टेक्नॉलॉजिस्ट, लेबलं लिहिता लिहिता म्हणाली, "मॅडम, वो पुराना केस सच में उनसे छूटा था? वो तो कुछ नहीं छोड़ती थी."

"वो उस दिन इंडिया में थी."

"फिर बेंच पे कौन था?"

"मैं थी."

पेन थांबलं तिचं. तिने माझ्याकडे बघितलं, मग खाली. तीन वर्षं ज्याला मी घाबरले ते एवढंच होतं. दोन शब्द, आणि समोर एक मुलगी, जिला काय बोलावं कळत नव्हतं.

मी कपाटातून त्या जूनची फाईल काढली. आपल्याकडे चूक खोडत नाहीत. एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला खरं ते लिहून सही आणि तारीख. 'सुपरव्हायझरची चूक' यावर मी रेघ मारली. बाजूला लिहिलं की नमुना मी तपासला, कंटॅमिनेशन मी लिहिलं, पेशंटला मी स्वतः तसं सांगितलं, सुपरव्हायझर रजेवर होत्या. साक्षीदाराची सही लागते. बिंदू म्हणाली, "मॅडम, ज़रूरी है क्या? अब तो वो रही नहीं." मी म्हटलं, "इसीलिए." तिने सही केली.

काल सकाळी तो कागद घेऊन मी केबिनमध्ये गेले. साहेबांनी दोनदा वाचला. चष्मा काढला.

"तीन साल बाद याद आया आपको?"

"याद तो रोज़ था, सर."

"चाहती क्या हैं आप?"

मी म्हटलं, यादगिरीच्या घरचा पत्ता हवा आहे, त्याच्या कंपनीकडे असेल. तो कशाने गेला ते मी त्याच्या बायकोला लिहिणार आहे. त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, शनिवारी बोलू. आवाजात धमकी नव्हती, दिलासाही नव्हता. शनिवारी नोकरी राहील की जाईल, मला माहीत नाही. बुधवारी रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, इतकी वर्षं एकटीच कशाला घेऊन बसलीस. 

केबिनमधून मी सरळ विमानतळावरच्या कार्गोला गेले. तुझी पेटी आधीच आली होती, फळीवर, पट्ट्या बांधलेली. काउंटरवरचा माणूस पाठवणाऱ्याचा फॉर्म भरत होता. माझं नाव लिहिलं, पासपोर्ट नंबर लिहिला, मग विचारलं, "रिलेशन?"

"इनके नीचे काम करती थी."

"वो रिलेशन नहीं होता मॅडम." त्याने फॉर्म माझ्याकडे फिरवून ती रिकामी जागा दाखवली. मागे रांग होती. "सिस्टर लिख दूँ?"

मी म्हटलं, "लिख दो."